कपाटाची किल्ली

बेसा हे एके काळी नागपूरच्या दक्षिणेचे एक लहानसे खेडे होते. मनीषनगरचे रेल्वे फाटक ओलांडले की शहर संपले, असे आम्ही समजत असू. आता फाटकापलीकडेही शहरच पसरले आहे. शेतांच्या जागी सहा-सात मजली इमारती उभ्या आहेत आणि ज्या जागी इमारत नाही, तिथे ती होणार आहे. निवृत्तीनंतर मी इथे राहावयास आलो, तेव्हा खिडकीतून तुरीचे शेत दिसे. आज त्या जागी गिट्टीचा एक भला मोठा ढीग पडला आहे.

या गिट्टीचा मला फार दिवस राग होता. परंतु गेल्या दिवाळीत तिच्यावरूनच एक गोष्ट घडली आणि माझे मन तिच्याविषयी निवळले. इमारतीतली मुले अंगणात किल्ला करीत होती. माझी नात ढिगाऱ्यातून दगड वेचून आणण्याच्या कामावर होती. मध्येच ती धावत आली आणि मूठ उघडून म्हणाली, "आबा, हा पहा न, दगडाच्या पोटात साखर आहे!"

खरोखरच त्या काळ्या फत्तराच्या पोकळीत पांढरे, चकचकीत स्फटिक दाटून बसले होते. तिने आईचा मोबाईल आणला, दगडाचे छायाचित्र काढले आणि यंत्राने क्षणात सांगितले की हे झिओलाइट असावे. मला वाटले, झाले, संपले कुतूहल! पण नाही. तिने मोबाईल बाजूला ठेवला, गवंड्याची हातोडी मागून आणली आणि आणखी दहा दगड फोडले. नाव कळल्याने तिचे समाधान झाले नव्हते. सगळ्याच दगडांच्या पोटात साखर असते की काय, हे तिला पाहायचे होते.

वाचकहो, त्या हातोडीचा आवाज ऐकता ऐकता मला एक जुने कपाट आठवले. आज जो इतिहास सांगावयाचा आहे, तो त्या कपाटापासूनच सुरू करतो.

मी चौतीस वर्षे विज्ञान शिकविले. पहिली नोकरी जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या शाळेत होती. तिथे प्रयोगशाळा म्हणजे काचेची दारे असलेले एक कपाट. आत परीक्षानळ्या, चंचुपात्रे, एक सूक्ष्मदर्शक आणि निळ्या मखमलीच्या पेटीत ठेवलेला एक लोलक. प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होती. वस्तू फुटली तर ती कशी फुटली हे लिहून द्यावे लागे आणि प्रसंगी तिची किंमत पगारातून जाई. तेव्हा साहजिकच कपाटाची किल्ली माझ्या खिशात असे आणि ती सहसा खिशातच राही. प्रकाशाचा धडा मी उत्तम शिकवी. फळ्यावर त्रिकोण काढावा, एका बाजूने पांढरा किरण आत न्यावा, दुसऱ्या बाजूने रंगीत खडूंनी सात रेघा बाहेर काढाव्यात! एकदा एक मुलगा तास संपल्यावर थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, तो लोलक एकदा हातात द्या न जी. म्या नाही फोडत."

मी दिला नाही. पुढच्या वर्षी पाहू, असे काहीतरी म्हणालो. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता.

या गोष्टीचे तेव्हा मला काही वाटले नाही. कारण माझ्या मते विज्ञान पुस्तकात होते आणि ते मी चोख पोहोचवीत होतो. पण आमच्या या नागपूरच्या आसपास गेल्या पावणेदोनशे वर्षांत विज्ञान कोणी, कसे शिकविले हे निवृत्तीनंतर निवांतपणे वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा सारा इतिहास एका किल्लीचाच आहे. ज्यांनी ती मुलांच्या हाती दिली, त्यांच्याकडे बहुधा फारशी साधने नव्हती, आणि ज्यांच्याकडे साधने होती, त्यांना ती सांभाळण्यातून सवड मिळाली नाही!

ही कथा गिट्टीच्या या काळ्या दगडापासूनच सुरू होते. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा एक तरुण स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. पुढल्याच वर्षी त्याने शाळा काढली. तो आला होता धर्मप्रसारासाठी, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याला दुसरे एक वेड होते, ते दगडांचे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो नागपूरच्या भोवतालचा मुलूख पायाखाली घाली, ओढ्यांचे काठ तपाशी आणि दगड फोडून पाही. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या खडकाची आहे, तो लाव्हारस थिजून झालेला. त्या लाव्ह्याच्या थरांच्या मधोमध, शहराजवळच्या टाकळीला, त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. याचा अर्थ असा की एकदा लाव्हा वाहिला, थंडावला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव नांदले आणि मग पुन्हा लाव्ह्याने सारे झाकून टाकले. आज आपण जाणतो की ही उलथापालथ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. चंद्रपूरकडील मांगलीच्या दगडात सापडलेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी या दोघांनी विलायतेस पाठविली आणि रिचर्ड ओवेन या ख्यातनाम शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच साली या दोघांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. कोठे लंडन आणि कोठे आमची टाकळी! पण प्रयोगशाळा होती ती उघड्या माळावरची. तिला कपाट नव्हते.

हिस्लॉपचा अंतही याच नादात झाला. बेशापासून आणखी दक्षिणेला, वर्धा मार्गावर बुटीबोरीजवळ, टाकळघाट आहे. तिथे प्राचीन शिळावर्तुळे आहेत. मोठाले दगड गोलाकार मांडून केलेली दफनस्थाने. ती पाहावयास ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत गेला होता. परतताना तो मागे राहिला आणि रात्री एकटाच घोड्यावरून निघाला. वाटेतल्या ओढ्याला पूर आलेला होता. स्वार नसलेला घोडा मुक्कामावर आला, तेव्हा लोकांना काय झाले ते कळले. सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हावयास त्याला चार दिवस उरले होते. एका शतकानंतर, १९६८-६९ साली, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वर्धा मार्गावरून मोटारीने जाताना किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे!

१८६३ या त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला नाव ठेवले 'अजब बंगला', आणि हे नाव इतके चपखल बसले की सरकारी नाव कोणाच्या ओठांवर राहिलेच नाही. आमच्या पिढीतल्या नागपूरकर मुलांनी पहिले आश्चर्य बहुधा तिथेच अनुभवले. फक्त एक गोष्ट विसरता येत नाही. अजब बंगल्यात डोळ्यांना मोकळीक होती, हातांना नव्हती. मधे काच होती.

तिकडे मराठी पुस्तकांनी आपले काम चालविले होतेच. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून सृष्टिशास्त्राचे विषय मराठीत आणले. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' निघाले आणि १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या मंडळींचे उपकार थोर आहेत. आपल्या भाषेत विज्ञानाला शब्द मिळाले नसते तर माझ्यासारख्याने शिकविले काय असते? परंतु शब्द मिळाले की ते पाठ करण्याचा मोहही होतो. 'अपवर्तन' हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना येत होता. पाण्याच्या पेल्यात चमचा वाकडा का दिसतो, हे विचारले की ते माझ्याकडे पाहात राहात.

आता १९१० सालाकडे वळू. त्या वर्षी सरकारी अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी रंगूनहून बदलून नागपुरास आला. वय अवघे एकवीस-बावीस. दिवसभर कचेरीत आकडेमोड आणि उरलेल्या वेळात तारांच्या कंपनांचे प्रयोग, असा त्याच्या या वर्षांतला परिपाठ. वर्षभराच्या आत त्याची कलकत्त्यास बदली झाली. हा तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. १९२८ साली त्यांनी जो शोध लावला, त्यात प्रकाश सूर्याचा होता, गाळण्या रंगीत होत्या, खिशात मावेल एवढा वर्णपटदर्शक होता आणि पाहणारा डोळा माणसाचा होता. १९३० चे नोबेल पारितोषिक या सामग्रीवर मिळाले! शोधाचा दिवस, २८ फेब्रुवारी, आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी मीही शाळेत दरवर्षी भाषण करी. हीच साधी साधने वर्णून सांगे आणि भाषण संपले की खिशातली किल्ली चाचपून घरी जाई.

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरांवर वर्धा. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. शिक्षण हाताच्या उद्योगातून द्यावे, हा तिचा विचार. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. पुष्कळांना वाटते की नयी तालीम म्हणजे नुसती सूतकताई. पण त्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाला मानाची जागा होती. निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन हे विषय तर होतेच. शिवाय आकाशातल्या ताऱ्यांची ओळख आणि थोर शास्त्रज्ञांच्या कथाही होत्या. आणि टकळी तरी काय कमी शिकविते? ती गरगर फिरते आणि सरळ उभी राहते, ती का? कोरड्या हवेत सूत अधिक तुटते, ते का? कपाशीला कोणती माती मानवते? आमच्या काळ्या मातीच्या मुलखात या प्रश्नांना तोटा नव्हता.

मग हा प्रयोग देशभर का रुजला नाही? माझ्या मते त्याचे कारण माझ्यासारखेच शिक्षक होत. टकळी आली, पण टकळीबरोबरचा 'का' आला नाही. जिथे शिक्षकाची तयारी नव्हती, तिथे उद्योगाचे काबाडकष्ट झाले आणि पालकांनी म्हटले, सूतच काढायचे तर शाळा कशाला? साधन मुलाच्या हाती देणे म्हणजे किल्ली अर्धीच देणे. उरलेली अर्धी किल्ली म्हणजे प्रश्न विचारण्याची मुभा. सेवाग्रामला २००५ साली 'आनंद निकेतन' या नावाने नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली, ही मात्र समाधानाची गोष्ट.

ती उरलेली अर्धी किल्ली कशी असते, हे पाहायचे तर नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी धरावी. होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) १९७२ साली दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम आरंभिला. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, निष्कर्ष स्वतःच काढावेत, आणि परीक्षेस बसताना पुस्तक खुशाल उघडून बसावे! मुलांना प्रश्न पडला की त्यांनी 'सवालीराम' या नावाने पत्र लिहावे. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हता. पण उत्तर येई. देशातील नामवंत शास्त्रज्ञ या खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर बसले. अरविंद गुप्ता यांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे खेळ याच वातावरणातून आले आणि पुढे पुण्याच्या आयुकातून ते घरोघर पोहोचले. २००२ साली सरकारी आदेशाने हा उपक्रम बंद झाला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका कागदाने थांबली.

आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत शिकलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस, ज्यांना शाळेने नापास ठरविले त्या मुलांना घेऊन बसला. घर बांधा, विजेची जोडणी करा, लोखंड जोडा, आणि ते करताना गणित नि विज्ञान शिका, ही त्यांची रीत. पुढे संगणकावर चालणारी आधुनिक यंत्रे तिथे आली, तीही याच मुलांच्या हाती पडली. यंत्र नवे की जुने, हा प्रश्न पाबळला पडलाच नाही.

आता माझी गोष्ट पुरी करतो. १६ फेब्रुवारी १९८० या दिवशी सूर्यग्रहण होते. दक्षिणेत ते खग्रास दिसले, आमच्याकडे खंडग्रास. शनिवार होता. डोळे बिघडतील या भयाने आम्ही मुलांना घरी पिटाळले आणि दारे लावून घेतली. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. विज्ञानाचा शिक्षक असून मी अंधाऱ्या खोलीत बसून राहिलो. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत पुन्हा ग्रहण आले. आदल्या रात्री लक्ष्मीपूजन झालेले. सकाळी साडेआठचा सुमार. मी आपला पडदे ओढून टीव्हीसमोर बसलेलो. इतक्यात शेजारचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा खिडकीशी येऊन ओरडला, "काका, भिंतीवर चंद्र पडले, चंद्र!"

मी बाहेर आलो. अंगणातल्या कडुनिंबाच्या पानांतून ऊन गाळून येत होते आणि दिवाळीसाठी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर शेकडो लहान लहान चंद्रकोरी थरथरत होत्या. पानांमधले प्रत्येक बारीक छिद्र सूर्याची प्रतिमा पाडते, हे मी सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाच्या धड्यात वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. एरवी त्या प्रतिमा गोल असतात म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. आज सूर्याचाच लचका तोडलेला होता, म्हणून कोरी दिसत होत्या. सूर्याकडे न पाहता सूर्य पाहण्याची ही सर्वांत निर्धोक आणि फुकटची रीत. धडा मी शिकविला होता, पण झाड मी पाहिले नव्हते. ते ज्याने पाहिले, त्याला धडा ठाऊक नव्हता.

दिवाळीची सुटी संपली त्या दिवशी मी कपाट उघडले आणि किल्ली कुलपातच राहू दिली. त्या वर्षात चार परीक्षानळ्या आणि एक भिंग फुटले. भिंगाचे पैसे मी भरले. पण आठवीच्या वर्गात एका दुपारी छताजवळ सप्तरंगी पट्टा उमटला, आणि चाळीस मुले असा काही आवाज करून उठली की शेजारच्या वर्गाचे गुरुजी धावत आले. तोपर्यंत माझ्या नोकरीची सतरा वर्षे होऊन गेली होती. या सतरा वर्षांतली मुले आता संसारी माणसे झाली असतील. ज्याने लोलक मागितला होता, तोही त्यांतच कोठेतरी असेल. त्याची क्षमा मागण्याचे मला दुसरे साधन नाही, म्हणून हा लेख.

आज नागपूरच्या मुलांची चैन आहे. गांधीसागर तलावासमोर ७ मार्च १९९२ रोजी रामन विज्ञान केंद्र उघडले, १९९७ साली तिथे तारांगणही आले. कळ दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा. अजब बंगल्यातली ती काच इथे नाही. एका वर्षभरासाठी आलेल्या अधिकाऱ्याचे नाव नागपूरने असे जपले, हे मला फार आवडते. आणि त्याहूनही मला आवडतो तो महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांचा 'अपूर्व विज्ञान मेळावा'. असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन ही संस्था महानगरपालिकेच्या साहाय्याने तो भरविते. तिथे बाटल्या, फुगे, नळ्या, नाणी, पाणी असल्या सामानावर शंभरांवर प्रयोग मांडलेले असतात, आणि ते समजावून सांगणारी गुरुजी मंडळी नसून मुलेच असतात. मोठमोठ्या शाळांतली मुले येतात आणि पालिकेच्या शाळेतल्या मुलीसमोर उभी राहून विचारतात, 'हे असे का होते?' ती सांगते. जगात एवढी मोठी बढती दुसरी नसेल!

२०१६ पासून सरकारने अनेक शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या आहेत. वीस लाखांपर्यंत अनुदान, त्रिमितीय मुद्रणयंत्र, यंत्रमानवाचे सुटे भाग. माझ्या काचेच्या कपाटापुढे हे इंद्रपुरीचे वैभव म्हणावे. ज्या आईबापांची मुले अशा शाळेत आहेत, त्यांनी एवढेच विचारावे की त्या खोलीची किल्ली कोणाजवळ असते, आणि गेल्या वर्षात तिथे काय काय मोडले. काहीच मोडले नसेल, तर चिंतेचे कारण आहे.

असो. दिवाळीच्या दिवसांत अधिक उपदेश बरा नव्हे. माझ्या नातीचा हिशेब मात्र सांगायचा राहिला. तिने फोडलेल्या दहा दगडांपैकी तिघांच्याच पोटात साखर निघाली. बाकीचे सात का रिकामे, हे तिने मला विचारले. मी म्हणालो, लाव्ह्यात वाफेचे बुडबुडे अडकले की पोकळ्या राहतात, आणि पुढे पाणी झिरपून त्यांत स्फटिक साचतात. जिथे बुडबुडा नाही, तिथे साखर नाही. तिने मान हलविली आणि अकरावा दगड उचलला. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नसावा. मी हातोडी परत मागितली नाही.